समोर माणूस आहे

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी माझी काही हरकत नाही.

मी नरसिंग. मूळ गाव बिलोली तालुक्यातलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भूत, उतारा, अंगात येणं, यातलं काहीच चालत नाही. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणी कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "कुठंय? दाखव. मी येतो संगं."

म्हणून सांगतो, मी घाबरणाऱ्यातला नव्हतो.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलंय. लातुरात. दोन हजार सोळाचा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ना, तोच उन्हाळा.

तेव्हा मी तिथल्या एका खासगी तंत्रनिकेतनात शिकवायचो. माझ्यासोबत रेणुकादास होता, औशाचा. वसंतराव नावाच्या एका रिटायर मास्तरांच्या घरात वरची खोली आम्ही दोघांनी मिळून भाड्यानं घेतली होती. मास्तर खाली एकटेच राहायचे. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी, कुसुमताई, नांदेडला बँकेत. ती त्यांना नाना म्हणायची, म्हणून आम्हीपण नानाच म्हणायचो.

रेणुकादासला एकच नाद होता. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता आणि रोज त्याचे आकडे कमीजास्त करत बसायचा.

मी एकदा विचारलं, "अरे, चांगला खेळतोय की. अजून काय करून राहिलास?"

"तसं न्हाई," तो म्हणाला. "समोर कॉम्प्युटर असला तर सरळ खेळावं लागतं. सगळ्यात चांगली खेळी, बस्स. त्याला भीती न्हाई, कंटाळा न्हाई. माणसाचं वेगळं असतंय. माणसासमोर चांगली खेळी लागतच न्हाई. घाम फोडणारी खेळी लागते."

म्हणून त्यानं दोन सेटिंग केल्या होत्या. एक संगणकासाठी, एक माणसासाठी.

माणसाच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅम बरोबरी देत नसे. वजिराला वजीर मारू देत नसे. डाव गुंतवायचा, लांबवायचा... समोरचा थकेपर्यंत.

आणि समोर कोण बसलंय हे तो स्वतःच ओळखायचा. खेळायला किती वेळ लागतो, चुका कशा होतात, यावरून. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ यायची. 'समोर: संगणक' किंवा 'समोर: माणूस'. त्याप्रमाणे सेटिंग आपोआप बदलायची.

आता माणसाची सेटिंग तपासायला माणूस हवा. मला बुद्धिबळ धड येत नव्हतं.

नाना होते ना.

जेवण झालं की ते वर यायचे. टेबलासमोरच्या वेताच्या खुर्चीत बसायचे. विचार करताना कानाची पाळी ओढायचे. चुकले की टेबलावर थाप मारून "हात्तिच्या!" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. अडचणीत आले की हमखास कडेचं प्यादं पुढं सरकवायचे.

"मी कडेनं पळणारा माणूस आहे रे," म्हणायचे.

रोज हरायचे, रोज यायचे. नाना कुठं बिचकतात, कुठं घाई करतात, हे रेणुकादास शेजारी बसून बघायचा आणि त्याप्रमाणे आकडे हलवायचा. होळीपर्यंत तो प्रोग्रॅम नानांना इतका ओळखायला लागला की बघून मलाच कसंतरी व्हायचं.

एकदा नाना कपाळ पुसत म्हणाले, "जिंकत असला तर जिंक म्हणावं की त्याला. हा मला उठूच देत नाही."

आम्ही हसलो.

मग पाणी संपलं.

नळ तर कधीचे कोरडे होते. आता बोअरही आटले. टाक्यांभोवती पोलीस बसले. होस्टेलं रिकामी झाली, क्लासेसची पोरं गावी गेली. आमचं कॉलेज लवकर सुटलं. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

कुसुमताई गाडी घेऊन आली. "नाना, पाऊस पडेपर्यंत नांदेडला चला."

नाना तयार होईनात. वर एक डाव चालू होता.

"एवढा संपवून येतो गं."

"तो संपत नसतो, नाना. मला माहितीय. चला."

ते उठले. जिन्यात थांबून मागं वळून बघितलं... आणि गेले.

आम्ही दोघं मात्र राहिलो. रेणुकादासला मेच्या शेवटी एका ऑनलाइन स्पर्धेत प्रोग्रॅम उतरवायचा होता. ती कॉम्प्युटरांची आपापसातली स्पर्धा. म्हणून आता संगणकाची सेटिंग तपासायची होती. त्यानं आपला प्रोग्रॅम एका जुन्या, तयार प्रोग्रॅमशी भिडवला. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर. हा खेळला की तो खेळणार, तो खेळला की हा. त्याला माणूस लागत नाही. सुरू करून द्यायचं आणि जायचं.

आम्ही सुरू करून दिलं. खोलीला कुलूप लावलं आणि घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहिलो.

रांगेत शेजारच्या शिवकांताबाई होत्या. कुणीतरी म्हणालं, उदगीर जिल्हा होणार म्हणे.

"जिल्हा काय प्यायचाय का?" शिवकांताबाई म्हणाल्या. "आधी पानी द्या म्हनाव."

पाणी मिळालं. आम्ही परत आलो. कुलूप उघडलं.

पडद्यावर डाव चालूच होता.

कोपऱ्यात लिहिलं होतं... 'समोर: माणूस'.

"चुकलं काय की," रेणुकादास म्हणाला. त्यानं सगळं तपासलं. चूक सापडली नाही. संध्याकाळी परत लावलं. रात्रभर चाललं. 'समोर: संगणक'. सकाळीही तसंच.

दुपारी आम्ही पाण्याला गेलो. आलो.

'समोर: माणूस'.

यावेळी त्यानं डाव मागं नेऊन बघितला. जुना प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळतो. पण या डावात एकेका खेळीला त्याला कितीतरी मिनिटं लागली होती. आणि खेळ्याही त्याच्या नव्हत्या. कच्च्या होत्या. बिचकलेल्या.

जिथं अडचण आली होती, तिथं कडेचं प्यादं सरकलं होतं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणीच नाव घेतलं नाही.

टेबलावर मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या होता. तो कोरडा पडला होता.

"उन्हानं आटलं असंल," मी म्हणालो.

एका दुपारी शिवकांताबाईंनी शेजारून हाक मारली. आम्ही अंगणात घागरी उतरवत होतो.

"नाना आले का ओ?"

"नाही. का?"

"वरून आवाज आला न्हवं. टेबलावर थाप मारल्यावानी."

वरच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

मी लगेच कुसुमताईला फोन लावला. मनात नको ते आलं होतं.

"नाना बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. झोपलेत. इथं आल्यापासून दुपारी लई झोपतात, नरसिंग. हलवलं तरी उठत नाहीत." मग ती जरा थांबली. "उठल्यावर ओठ वाळलेले असतात. घागरभर पाणी पितात. म्हणतात, लातूरला जाऊन आलो. तो उठू देत नाही."



मेलेल्या माणसाचं ऐकलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण नाना जिवंत होते. नांदेडला पलंगावर झोपले होते.

मी रेणुकादासला म्हणालो, "बंद कर ते. आत्ता."

"करतो. फक्त एकदा समोर बसून बघू दे. उद्या दुपारी. मग काढूनच टाकतो."

मी नाही म्हणायला हवं होतं, पण मलाही बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीतच थांबलो. पलंगावर भिंतीला टेकून बसलो. कुसुमताईला फोन करून सांगितलं, नाना झोपले की त्यांच्याजवळच बसा. ती म्हणाली, आत्ताच डोळा लागला.

डाव चालू होता. टकाटक खेळ्या पडत होत्या.

मग... थांबल्या.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. कुठं पाखराचाही आवाज नव्हता.

वेताच्या खुर्चीनं करकर केली. माणूस टेकल्यावर करते तशी.

खुर्ची रिकामी होती.

आम्ही श्वास धरून बसलो. पडद्यावर जुन्या प्रोग्रॅमची पाळी होती. तो खेळत नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कडेचं प्यादं एक घर पुढं सरकलं.

'समोर: माणूस'.

आणि रेणुकादासचा प्रोग्रॅम बदलला. ते मला, बुद्धिबळ न येणाऱ्यालाही कळलं. हातात आलेला डाव त्यानं सोडून दिला. घोडा मागं घेतला. मारायचं ते मारलं नाही. सगळं गुंतवायला लागला.

रेणुकादास उठला. हातानं सेटिंग बदलून संगणकाची केली. ती आपोआप परत माणसाची झाली. पुन्हा बदलली. पुन्हा तेच.

खुर्चीजवळ कुणीतरी कोरड्या घशानं आवंढा गिळला.

मी ऐकलं. रेणुकादासनंही ऐकलं.

मी फोनवर ओरडलो, "कुसुमताई, उठवा त्यांना! हलवा!"

"नाना! ओ नाना!" तिकडून तिचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात वीज गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती. पण गेली. पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला.

खुर्ची करकरली नाही. म्हणजे... उठल्याचा आवाज आला नाही.

फोनवर कुसुमताई रडत होती. "नरसिंग, ते उठंनात. श्वास चालूय, पण उठंनात..."

मी मिळेल त्या गाडीनं नांदेडला गेलो. पोचलो तोवर नाना उठून बसले होते. डॉक्टर येऊन गेले होते. सगळं ठीक, म्हणाले.

"कसे आहात, नाना?"

जरासा वेळ गेला. "बरा आहे."

"भूक लागली का?"

जरासा वेळ. "लागली."

"लातूरची आठवण येते का?"

तेवढाच वेळ. "नाही."

सोपा प्रश्न असो की अवघड, मधला वेळ तेवढाच. कानाच्या पाळीला हात गेला नाही. पानात वाढलं ते खाल्लं. पाणी मागितलं नाही.

कुसुमताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आईच्या फोटोपुढून जाताना नाना रोज थांबतात. वर्षानुवर्षं. आज सरळ गेले." तिनं पदर तोंडाला लावला. "हे नाना नाहीत, नरसिंग. माझे नाना तुमच्या त्या खोलीत राहिलेत. मला तिथं घेऊन चल."

माझ्या वडिलांनी असं कधी केलं नसतं. मी केलं.

आम्ही नानांना घेऊन लातूरला आलो. दुपारीच आलो. नाना जिना सरळ चढले, कठड्याला हात न लावता. गुडघेदुखीचा माणूस.

रेणुकादासनं आधी त्यांनाच खेळायला बसवलं. नाना खेळले. एकेक खेळी, सारख्या वेळानं. कडेच्या प्याद्याला त्यांनी हातही लावला नाही.

कोपऱ्यात ओळ आली.

'समोर: संगणक'.

कुसुमताई ते वाचून मटकन खाली बसली.

मग आम्ही नानांना पलंगावर बसवलं. खुर्ची रिकामी केली. रेणुकादासनं दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी लावले आणि बाजूला झाला.

टकाटक, टकाटक... आणि थांबलं.

खुर्ची करकरली.

खूप वेळानं एक प्यादं सरकलं. कडेचं.

'समोर: माणूस'.

कुसुमताई उठली. रिकाम्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. लहान पोरीसारखी.

"नाना," ती म्हणाली, "चला ना घरी. मी डाव अर्धा सोडायला लावला, चुकले. आता राहू दे तो. हरलात तर हरलात. चला."

पलंगावरून आवाज आला. शांत.

"मी इथंच आहे की, कुसुम."

तिनं वळून बघितलं नाही.

"नाना, लई तहान लागली असंल ना? चला. उठा."

पडद्यावर पुढची खेळी येत नव्हती. खोलीत भट्टीसारखं तापलं होतं, तरी माझे दात वाजत होते.

टेबलावर थाप पडली. जोरात. तांब्या हलला.

आणि मागं पलंगावर नाना खोकायला लागले. वाकून, छाती धरून खोकले. वर बघितलं तर डोळ्यात पाणी होतं. हात कानाच्या पाळीकडं गेला.

"कुसुम," ते म्हणाले, "पाणी दे गं. जीव गेला तहानेनं."

कुसुमताईनं हंबरडा फोडून त्यांना मिठी मारली. मीही रडलो. खोटं कशाला सांगू.

आम्ही दोघांनी नानांना धरून खाली आणलं. ते गुडघा दुखतो म्हणत म्हणत उतरले. "कॉम्प्युटर बंद करून येतो," म्हणून रेणुकादास वर थांबला.

त्याला यायला वेळ लागला.

आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. कुसुमताईची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याच संध्याकाळी पिशवी भरून औशाला गेला. स्पर्धा सोडली, नोकरी सोडली. मीही दुसरीकडं खोली बघितली. कुसुमताईनं ते घर बंद केलं. आतलं सामान तसंच आहे.

रेणुकादास पुढं वर्षभर माझा फोन घेत नव्हता. एकदा स्वतःच केला.

"तुम्ही जिना उतरत होतात ना," तो म्हणाला, "नानांचा आवाज येत होता मला खालून. गुडघा, गुडघा करून राहिले होते."

"हाव. मग?"

"मी बटणाला हात लावला... अन् खेळी आली."

"कोणती?" मी विचारलं.

"प्यादंच होतं. कडेचं."

"मग बंद केलं का तू?"

"न्हाई. आत माणूस असताना वीज गेल्यावर काय झालं, बघितलं की आपण. कसा बंद करू? चालू ठेवूनच आलो. पुढं लाईट किती वेळा गेली असंल, कुणाला ठाऊक."



मी म्हणालो, "पण ते खोकले, रेणुकादास. पाणी मागितलं. कानाला हात लावला. मी बघितलंय."

"हाव," तो म्हणाला. "माणसासमोर कोणती खेळी करायची, ते त्याला आपणच शिकवलं होतं."

फोन कट झाला. त्यानंतर तो नंबर लागत नाही.

मी नांदेडला एकदाच गेलो, गेल्या हिवाळ्यात. नाना आता नव्वदीकडं झुकलेत. तब्येत ठणठणीत. कुसुमताई खुश आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही, आणि हे वाचणाऱ्या कुणी तिला शोधून सांगूही नये. तिनं नानांना आईच्या फोटोपुढं थांबताना दाखवलं मला. थांबतात. रोज थांबतात, म्हणाली.

"आणि कॉलनीत बुद्धिबळ खेळायला जातात," ती चहा टाकायला उठत कौतुकानं म्हणाली. "पूर्वी रोज हरायचे ना? आता कधीच हरत नाहीत. सगळ्यांना खेळवत बसवतात. लोक कंटाळतात, पण उठवत नाही म्हणतात कुणाच्यानं."

ती आत गेली.

नाना माझ्याकडं बघत होते. कानाची पाळी ओढत. हसत.

समोर पट मांडलेला होता.

"बसा की, नरसिंगराव," ते म्हणाले. "एक डाव होऊन जाऊ द्या."

"मला येत नाही, नाना."

जरासा वेळ गेला.

"शिकवतो."

मी चहा न घेताच निघालो. बसची वेळ झाली म्हणून सांगितलं.

लातूरहून आमच्या गावाला जायला नांदेडवरून सरळ गाडी मिळते. आता मी उदगीर, देगलूर करून जातो. रस्ता खराब आहे, गाड्या बदलाव्या लागतात. कुणी विचारलं तर सांगतो, इकडून जवळ पडतं.